डाव्या हाताला क्लच नसलेला महिना

आधी कबुली. ही पोस्ट दर आठवड्याला थोडी थोडी यायची होती. स्पितीच्या पोस्टखाली मीच लिहून ठेवलंय, "पुढची ट्रिप पुण्यातल्या पुण्यात, सायकलवर, हसू नका." तुम्ही हसलात. मग विचारायला लागलात. मग विचारायचं सोडून दिलंत. मी चार वेळा लिहायला बसलो. एकदा चहा ठेवायला म्हणून उठलो तो पानशेतला जाऊन आलो. माझं हे असंच आहे, डिप्लोमाचं शेवटचं वर्षसुद्धा असंच राहून गेलंय. पण गेल्या तीन दिवसांत लिहिलं नाही त्याचं कारण वेगळं आहे. ते ओळीने आल्याशिवाय सांगता येणार नाही. आज रविवार, सकाळ आहे, आणि मी एकाच हाताने टाईप करतोय. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

सुरुवात झाली गॅरेजमध्ये. सलीमभाई माझी मोटारसायकल पहिल्यापासून बघतात. त्यांनी ऑइल काढलं, बोटावर घेऊन चोळलं आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"कुठे फिरवतोस रे गाडी?"

"आत्ताच स्पिती करून आलो ना भाई. त्याच्या आधी कच्छ..."

"ते नाही विचारलं. रोज कुठे फिरवतोस?"

मग मी सांगत गेलो आणि माझं मलाच कसंतरी व्हायला लागलं. दूध, सहाशे मीटर. जिम, आठशे मीटर. खोलीतून भाजीवाली मावशी तर दिसते, तिथेही मोटारसायकल. लांबात लांब म्हणजे कर्वेनगरातून सदाशिव पेठेतला स्टुडिओ. तिथे मी लग्नांचे व्हिडिओ कापतो-जोडतो. तेही पाच किलोमीटर.

"इंजिन गरम व्हायच्या आत बंद करतोस, परत थंडच स्टार्ट मारतोस," सलीमभाई म्हणाले. "ही गाडी हिमालयात नाही मरणार. कोथिंबिरीने मरणार."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गाडी कोथिंबिरीनेच मरतेय, म्हणून हे लिहितोय.

त्याच आठवड्यात स्टुडिओमागच्या गल्लीत एका फाटकावर कागद दिसला. सुवाच्य अक्षर, खाली पट्टीने रेघ.

"सायकल द्यायची आहे. विकायची नाही. जो चालवेल त्यालाच मिळेल. व्यायामासाठी हवी असल्यास आमच्या इमारतीचा जिना मोकळा आहे. भेट सायंकाळी ५ ते ५.१५."

पाच वीस झाले होते. मी बेल वाजवली. तळमजल्याचं दार उघडलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, स्वच्छ पांढरा सदरा, गुडघ्याला पट्टा.

"वाचता येतं ना?"

"हो काका."

"मग घड्याळ येत नसेल. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी पाचला पाच कमी असताना पोचलो. ते खिडकीतून म्हणाले, "अजून वेळ आहे. उभे राहा." मी पाच मिनिटं फाटकाशी उभा राहिलो. मी! मी पेट्रोल पंपावरच्या रांगेतसुद्धा उभा राहत नाही, पुढच्या पंपावर जातो.

हे गद्रे काका. एका तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायचे, आता निवृत्त. पॅसेजमध्ये सायकल उभी होती. हिरवी, बावीस इंची, गियर नाहीत, मागे कॅरियर. ताराही पुसलेल्या. काकांनी त्याच सायकलवर नोकरी केली, दळण आणलं, मुलीला शाळेत सोडलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली.

"काय चालवता?" काकांनी विचारलं.

"मोटारसायकल. लेह, स्पिती, कच्छ..."

"कुठे जाता ते मी विचारलं नाही. सायकल येते का?"

"लहानपणी यवतमाळला चालवायचो की."

"मोटारसायकलवाल्यांना वाटतं, येते."

माझ्या आधी तिघांनी ती नेली होती. एकाने तिच्यासोबत फोटो काढून घेतले आणि परत आणली. दुसऱ्याने शोभेसाठी बाल्कनीत टांगली. "टांगली हो!" काका म्हणाले, जसं कुणी म्हातारीला टांगलंय. तिसऱ्याला गियर नाहीत हे नेल्यावर कळलं.

आतून काकूंचा आवाज आला, "हा चौथा आणि शेवटचा. महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी. मला तिथे चपलांचं कपाट ठेवायचंय."

काकांनी फडक्याने उगाच हँडल पुसलं. ते आधीच चकाकत होतं.

अट अशी. चार शनिवार, संध्याकाळी पाचला सायकल आणून दाखवायची. चालवली असेल तर कळतं म्हणाले, पेडलचं रबर खोटं बोलत नाही. चौथ्या शनिवारी पटलं तर सायकल कायमची माझी. नाही पटलं तर ती परत पॅसेजमध्ये, आणि मग कपाट. त्यांनी एका डायरीत माझा पत्ता उतरवून घेतला, "गणपतीच्या देवळासमोर, तिसरा मजला" या खुणेसकट. फोन नंबर द्यायला लागलो तर म्हणाले, "फोनवर सायकल दिसत नाही."

पहिला आठवडा नुसत्या सवयींशी मारामारीत गेला. निघताना खिसा चाचपायचा, किल्ली. थांबताना डावा पाय न्यूट्रल शोधायचा. आणि प्रत्येक सिग्नलला डाव्या हाताची चारही बोटं आपोआप क्लच दाबायची. तिथे क्लच नव्हता, ब्रेक होता, पण पार गुळगुळीत झालेला. दाबला तरी सायकल आपली चाललेलीच. मग उजवा दाबायचा, तेव्हा ती थांबायची. मला वाटलं, हिचं असंच असेल.

माझा रूममेट प्रफुल वर्ध्याचा, आयटीत आहे, हिंजवडीला जातो. त्याने पहिल्या दिवशी गॅलरीतून बघितलं आणि ओरडला, "काऊन बे, हप्ते थकले काय गाडीचे?"

"इंजिन वाचवून राहिलो!"

"अन् मांडीचं काय करशील?"

मांडीचं खरं होतं. तीन दिवस जिना आडव्या पायांनी उतरलो. पण चौथ्या दिवशी लकडी पूल आला. मी पुण्यात आलो तेव्हा या पुलावर दिवसा मोटारसायकलला बंदी होती. ते माहीत नसल्यामुळे मी दोनदा पावती फाडलीय, आणि तिसऱ्यांदा माहीत असून. आता नियम काय आहे ते बोर्ड बघून ठरवा. मुद्दा असा की मला त्या पुलाची भीतीच बसलीय. अलका चौकाच्या टोकाला हवालदार उभे होते. मी त्यांच्याकडे बघत, सावकाश, मधोमध पेडल मारत गेलो.

"काय बघताय?" ते म्हणाले.

"काही नाही साहेब. जातोय."

"मग जा की. हत्तीवर बसल्यासारखं काय?"

पेठेत शिरल्यावरचा उपाय काकांनी सांगितलेला: वन-वे उलटा पडला तर उतरायचं आणि हातात धरून चालायचं. उतरलात की तुम्ही पादचारी. हे मी इतक्या वेळा केलं की चालता चालता एक शिंपी, एक चष्मेवाला आणि दुपारी फक्त दोन तास उघडी असणारी साबुदाणा खिचडीची जागा सापडली. प्लेट चाळीस रुपये, दही मागितलं तर "संपलं" म्हणतात, समोर पातेलं दिसत असलं तरी. मोटारसायकलवरून या गल्लीतून मी पाच वर्षं गेलोय. मला फक्त स्पीडब्रेकर माहीत होते.

पहिल्या शनिवारी काकांनी चष्मा कपाळावर चढवून पेडल बघितलं, टायरवरून अंगठा फिरवला. "पन्नासेक किलोमीटर झालेत." माझ्या फोनमध्ये बावन्न होते. मी फोन दाखवला नाही. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, "पुढचं ब्रेक-रबर संपलंय. धायरीला तानाजी आहे, माझा विद्यार्थी. त्याच्याकडेच टाका. दुसरा कुणी हात लावणार नाही."

धायरी म्हणजे माझ्या हिशोबात मोठी ट्रिप, म्हणून रस्ता सांगतो. कर्वेनगरातून राजाराम पूल, मग सिंहगड रोड. उड्डाणपुलावर चढू नका, खालून जा. डाव्या बाजूला राहा आणि थांबलेल्या रिक्षांच्या दारांवर लक्ष ठेवा. पाऊण तास धरा. निघायच्या आधी हवा भरा. अर्ध्या वाटेत वडापाव खाल्ला, नंतर उगीच एका कॅनॉलच्या रस्त्याला वळलो, तिथे दोन म्हशी आणि एक पूर्ण लग्न आडवं आलं, त्यातच पाऊण तासाचे दोन तास झाले.

तानाजींचं दुकान गावठाणाजवळ, पत्र्याचं. सायकल बघितल्याबरोबर त्यांनी हात पुसले.

"ही सरांची हाय. सर बरे हायेत का?"

"बरे आहेत. गुडघा दुखतो."

"गुडघा दुखतो म्हंजे आता बोलतच असतील नुस्ते."

ते कामाला बसले. मी पाच मिनिटं बसलो, मग शेजारच्या रसवंतीत गेलो, मग रसवाल्याच्या बैलाचं नाव विचारत बसलो. बैलाचं नाव प्रधान होतं आणि तो आता रिटायर झालेला, रस मोटर काढते. परत आलो तेव्हा रबरं बसली होती. तानाजी म्हणाले, "दादा, एक ऐका. ह्या ब्रेकचं काय हाय..."

आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून वीसेक मोटारसायकली गेल्या. सिंहगडाच्या बाजूला. मागे बांधलेल्या बॅगा, जॅकेटं. त्यातली एक तर मला घ्यायचीय तीच. मी वळून बघतच राहिलो, शेवटचा दिवा दिसेनासा होईपर्यंत. तानाजी बोलत होते. मी "हो हो, बरोबर" म्हटलं, पैसे दिले, निघालो.

लोक लिहितात, सायकलवर मन शांत होतं. माझं नाही झालं. माझ्या अंगात मुंग्या आहेत, त्या सायकलवरही असतात. फक्त एक फरक पडला. दूध आणायला निघालो की मी चुकीच्या गल्लीत वळतो, आणि चुकीच्या गल्लीला आता पेट्रोल लागत नाही. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "गाडी विकली का रे?"

"नाही मावशी. कोथिंबिरीला गाडी नाही आणायची असं ठरवलंय."

"मग दोन जुड्या ने. इतका लांबून आलास."

त्यांच्या टोपलीपासून माझी खिडकी दिसते.

तिसऱ्या शनिवारी एक गोष्ट झाली. काका पेडल बघून उभे राहिले, मग आत कानोसा घेतला. काकू स्वयंपाकघरात होत्या. "जरा धरा," म्हणाले. मी सायकल घट्ट धरली. ते पट्टा बांधलेला पाय कसाबसा पलीकडे टाकून सीटवर बसले, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. घंटी वाजवली नाही. डाव्या हाताने ब्रेक एकदा दाबला, पुढचं चाक किंचित मागेपुढे करून बघितलं. "आता धरतोय," म्हणाले. चेहरा असा की मी भिंतीवरच्या मीटरकडे बघायला लागलो.

"उतरा!" काकू दारात. "गुडघ्याला कोण बघणार नंतर? हा मुलगा?"

काका उतरले. मला म्हणाले, "पुढच्या शनिवारी शेवटचं. मग आणायची गरज नाही." आणि थोड्या वेळाने, "आणलीत तर हरकत नाही."

शेवटचा शनिवार काल होता. मी गेलो नाही.

गुरुवारी काय झालं ते लिहितो. आमची गल्ली मुख्य रस्त्यावरून नदीच्या बाजूला उतरते. संध्याकाळ, कॅरियरला दूध आणि ब्रेड, मी उतारावर मस्त सुटलेलो. समोर एका शाळेच्या व्हॅनने अचानक वळण घेतलं. घाबरलो की मोटारसायकलवाला काय करतो? क्लच दाबतो. सगळा जोर डाव्या हातात आला. नव्या रबरांनी पुढचं चाक जागच्या जागी धरलं, सायकलचं मागचं अंग वर आलं आणि मी हँडलवरून पुढे गेलो. व्हॅन केव्हाच निघून गेली होती. दूध फुटलं. डाव्या मनगटात बारीक तडा, आता प्लास्टर आहे. सायकलच्या पुढच्या चाकाचा मराठीतला आठ झालाय आणि ते चाक धरणारा चिमटा मागे वाकलाय.

प्रफुलने ती उचलून खाली पार्किंगमध्ये आणली. मला खुर्चीत बसवल्यावर म्हणाला, "पण पुढचं चाक कसं काय लॉक झालं बे? डावा ब्रेक तं मागचा राह्यते सगळ्या सायकलींना."

तेव्हा मला धायरी आठवली. "ह्या ब्रेकचं काय हाय..." हिच्या ब्रेकच्या तारा उलट्या आहेत, डावा पुढचं चाक धरतो. तानाजी तेच सांगत होते. माझ्या तोंडावर सांगत होते, आणि मी "बरोबर" म्हणालो होतो.

शुक्रवारी मी काकांकडे जाऊन सांगायला हवं होतं. त्याऐवजी बॅग भरली. गुहागरला मित्राचं घर आहे, आठ दिवस तिकडे, तोवर महिना संपेल, काकूंचं कपाट येईल, विषय मिटेल, असं डोक्यात. एका हाताने बॅग बांधली, खाली गेलो, मोटारसायकलवर बसलो, स्टार्टर दाबला. आणि क्लचवर हात ठेवला. प्लास्टरमधून बाहेर आलेली चार बोटं नुसती टेकली. दाबली जाईनात. इंजिन चालू, मी वर बसलेलो, जायला जागा सगळी मोकळी. शेजारी वाकडी हिरवी सायकल. पाच मिनिटांनी वॉचमन म्हणाला, "साहेब, धूर येतोय, बंद करा."

काल पाच वाजता मी खोलीत होतो. सव्वापाचलाही. काकांचा कागद आठवत होता, भेट ५ ते ५.१५. साडेपाचला वाटलं, आता काका फाटकावरून आत गेले असतील. लेहच्या वाटेवर एकदा बर्फात गाडी बंद पडली होती, तेव्हाही घड्याळाकडे इतकं बघितलं नव्हतं.

तर महिन्याचा जमाखर्च विचाराल तर, पाच किलोमीटरच्या आत सायकलच घ्या. वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, पार्किंग शोधावं लागत नाही, आणि तुम्ही ज्या शहरात राहता ते दिसतं. हेल्मेट घाला, मी घातलं होतं म्हणून हे लिहितोय. नवीन सायकल हातात आली की आधी जागेवर उभं राहून एकेक ब्रेक दाबून बघा, कुठला कुठलं चाक धरतो. दहा सेकंदांचं काम आहे. आणि कुणी "एक ऐका" म्हणालं तर ऐका. रस्त्यावरून कुणीही जात असलं तरी. हे शेवटचं मी तुम्हाला सांगत नाहीये, खरं तर.

उद्या महिनाअखेर. उद्या मी सदाशिव पेठेत जाणार, पाचला, रिक्षाने, चाक हातात घेऊन. सायकल मला द्यायची नसेल तर नका देऊ म्हणणार, पण भंगारात घालू नका, तानाजींकडे चिमटा सरळ होतो का ते मला विचारू द्या. इथपर्यंत ठरवलंय. पुढचं

थांबा, प्रफुल वर आलाय. ब्रेड आणायला खाली गेला होता, रिकाम्या हाताने पळत आलाय.

"अबे, खाली एक आजोबा आले. रिक्षानं. तुह्या सायकलीपाशी खाली बसले, पाना घेऊन. गुडघ्याले पट्टा हाय, उठता नाई येत वाटते त्यायले."

"काय म्हणाले?"

"म्हने, काल आला नाही म्हंजे पडला असणार. म्हने, माझं उजवं मनगट मोडलं होतं तेव्हा मीच तारा उलट्या केल्या, पंचवीस वर्षांत सवय झाली, सांगायचं राहिलं." प्रफुलने दम घेतला. "अन् म्हने, त्याला विचारा, जास्त लागलं का. रडून राह्यले की काय, मले समजलं नाई. मी जवळ गेलो तं म्हने, तोंड काय बघता, सोळा नंबरचा पाना असेल तर आणा."

आमच्याकडे सोळा नंबरचा आहे. मोटारसायकलच्या किटमधला. चाललो खाली.